माणूस गेला, दाखला नाही

खलाशी परतला नाही आणि मृतदेहही मिळाला नाही, तर सरकारदरबारी तो ‘बेपत्ता’. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही त्याला मृत मानता येतं, असं पुरावा कायदा सांगतो. तोवर मृत्यूचा दाखला नाही, म्हणून विम्याचा दावा अडतो, त्याच्या नावावरचं बँक खातं अडतं. बोटीच्या कर्जाचे हप्ते मात्र कोणाची वाट पाहत नाहीत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूसाठी ५ लाखांचं विमाकवच आहे, पण आधी मृत्यू सिद्ध व्हायला हवा!

नोव्हेंबर २०१७ अखेरच्या ओखी वादळात हा पेच उघडा पडला. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर परिसरातल्या बोटी आठवडेच्या आठवडे खोल समुद्रात असतात. तिथं मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे इशारा अनेकांपर्यंत पोचलाच नाही. वादळानं भरकटलेल्या केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी थेट आपल्या देवगड बंदराच्या आसऱ्याला आल्या. ज्या खलाशांचा पत्ता लागला नाही, त्यांच्या घरच्यांनाही केरळ सरकारनं सात वर्षं न थांबता मृतांच्या वारसांइतकीच, २० लाखांची मदत जाहीर केली. अशी सवलत एरवी एकेकट्या बुडणाऱ्या होडीच्या वाट्याला सहसा येत नाही.