पिस्तूल अडलं, तर हात वर!

22 ऑगस्ट 2018. इंडोनेशियातलं पालेम्बांग शहर. आशियाई स्पर्धेतल्या महिलांच्या 25 मीटर पिस्तूल नेमबाजीची अंतिम फेरी रंगात आली होती. आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफास्वान यांगपैबून, दोघींचेही 34 गुण! मग जादा पाच गोळ्यांची फेरी झाली. तिथंही 4-4. पुन्हा पाच गोळ्या. या वेळी राही 3, नफास्वान 2! अवघ्या एका गोळीच्या फरकानं सुवर्णपदक राहीला मिळालं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

आता मित्रांनो, जरा विचार करा. त्या शेवटच्या पाच गोळ्यांतली एखादी पिस्तुलातच अडकून बसली असती तर?

तुम्ही म्हणाल, "असं कुठं होतं का?" होतं की! चांगल्यातलं चांगलं पिस्तूलही कधी कधी अडतं. ते का अडतं, हे कळायला दप्तरातला स्टेपलर पुरे.

स्टेपलर आणि पिस्तूल

स्टेपलर उघडून पाहा. पिना ओळीनं बसलेल्या असतात आणि मागून एक स्प्रिंग त्यांना पुढं ढकलत असते. एक पीन कागदात गेली, की दुसरी तिच्या जागी हजर! खेळाच्या पिस्तुलातही अशीच सोय असते. मुठीच्या जवळ मॅगझिन नावाची छोटी डबी बसवतात. तिच्यात पाच काडतुसं एकावर एक रचलेली असतात आणि खालून स्प्रिंग त्यांना वर रेटते. काडतूस असतं 5.6 मिलिमीटर जाडीचं आणि साधारण एक इंच लांबीचं.

चाप ओढला, की गोळी सुटते. तिच्याच धक्क्यानं आतला सरकता भाग मागं जातो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. मग स्प्रिंगच्या जोरावर पुढं येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत ढकलतो. पुढची गोळी सोडायला चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो. म्हणून हे पिस्तूल अर्धस्वयंचलित. आणि हा सगळा खटाटोप होतो डोळ्यांची पापणी लवायच्या आत!

एवढ्या घाईत कुठंतरी खोट निघणारच. मॅगझिनची स्प्रिंग ढिली पडली, तर काडतूस वेळेवर वर येत नाही. मॅगझिनचं तोंड थोडं वाकलं, तर काडतूस तिरकं होऊन नळीच्या कडेला अडतं. या काडतुसाची गोळी मऊ शिशाची असते आणि तिला मेणासारखा लेप असतो. त्याचा आणि दारूच्या काजळीचा थर आत साचला, तर सरकता भाग जड होतो. मग पुंगळी धड बाहेर पडत नाही, दारातच चिमटून बसते.

बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटच्या एखाद्या शेतकरी आजोबांना हे सांगून पाहा. ते हसून म्हणतील, "अरे, ही तर तिफणीची गोष्ट!" तिफणीच्या चाड्यात बी सोडलं, की ते नळीतून फणाशी उतरतं. ओली काळी माती नळीच्या तोंडाशी बसली, की बी वरच अडतं. वरून सगळं ठीक दिसतं. खरं कळतं ते आठ दिवसांनी, एक अख्खी ओळ उगवलेलीच नसते तेव्हा! आता बरीचशी पेरणी ट्रॅक्टरवर होते, पण नळी तिथंही तुंबतेच.

चूक कुणाची?

बरं, भर स्पर्धेत पिस्तूल अडलं, तर नेमबाजानं काय करायचं? ठोकायचं? हलवायचं? आत डोकावून पाहायचं? छे! पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडंच ठेवायचं, आतल्या भागांना हात लावायचा नाही आणि मोकळा हात वर करायचा. मग अधिकारी येऊन तपासतात. असं का? तर न उडालेलं काडतूस क्वचित काही क्षण उशिरानंही उडतं. त्या वेळी पिस्तुलाचं तोंड कुणाकडं वळलेलं असलं, तर? म्हणून आधी सुरक्षितता, मग गुण.

अधिकारी एकच प्रश्न सोडवतात. चूक यंत्राची की खेळाडूची? काडतूस उडालंच नाही, पुंगळी अडकली, आतला एखादा भाग मोडला, तर ती यंत्राची चूक. खेळाडूला नियमाप्रमाणं पुन्हा संधी मिळते. पण मॅगझिन नीट बसवलंच नव्हतं, काडतुसं कमी भरली, सुरक्षेचा खटका काढायचा राहिला किंवा तपासणीआधीच पिस्तूल उघडलं, तर संधी नाही! म्हणजे यंत्राच्या बिघाडाला माफी आहे, विसरभोळेपणाला नाही.

यंत्राची चूक असली तरी मनाची परीक्षा टळत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी मनू भाकरचं 10 मीटर एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. त्या पिस्तुलात काडतूस नसतं, बिघाडही वेगळा होता, पण घड्याळ थांबलं नाही. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली. तिचे 575 गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिनं खेळ सोडला का? मुळीच नाही! 2024 मध्ये पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं मिळवली.

एका वेळी एकच बदल

सरावात पिस्तूल वारंवार अडू लागलं, तर जाणकार प्रशिक्षक सगळं एकदम बदलत नाहीत. मॅगझिनवर 1, 2, 3 असे आकडे घालतात. फक्त 2 नंबर लावल्यावरच अडतं? मग दोष त्या मॅगझिनचा. सगळ्याच मॅगझिनला अडतं? मग काडतुसं दुसऱ्या कंपनीची घेऊन पाहायची. तरीही अडतं? मग साफसफाई, मग कारागीर. प्रत्येक वेळी वहीत नोंद करायची. सगळं एकदम बदललं, तर पिस्तूल चालू होईलही, पण बिघाड कशात होता ते कधीच कळणार नाही.

मात्र हे काम रेंजवर, परवाना असलेल्या पिस्तुलावर आणि प्रशिक्षकांसमोरच होतं. बंदूक हे घरात उघडून बघायचं खेळणं नव्हे, हे आईबाबांनीही मुलांना बजावून सांगावं.

तुम्हाला ही युक्ती आजमावायची आहे? मग घरातली बंद पडलेली बॅटरी घ्या. आधी फक्त सेल बदला. नाही पेटली? जुने सेल परत घाला आणि फक्त बल्ब बदला. तरीही नाही? आता बटण आणि पत्र्याची पट्टी तपासा. प्रत्येक पायरी वहीत लिहा. आणि काहीच सुचेनासं झालं, तर आदळआपट नको. नेमबाजासारखं शांत उभं राहा आणि सरळ हात वर करा. विचारण्यात कसली आली लाज?