पुस्तक यंत्राच्याच पोटात आहे

ही हकीकत आमच्याच घरातली आहे. आमची भाची अकोल्याची. तिचे वडील बाजार समितीत हमाली करतात. बारावीनंतर तिने एमएस-सीआयटी केले आणि आमच्याकडे अमरावतीला राहून कचेरीजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात कामाला लागली. अर्ज, शपथपत्रे, जात पडताळणीचे कागद टाइप करायचे, असे काम. दुकानातल्या संगणकावर विंडोज नव्हते. मालकाने खर्च वाचावा म्हणून फुकट मिळणारे लिनक्स घातले होते. क्लासात शिकलेले वेगळे आणि समोर दिसते ते वेगळे, अशी तिची गत झाली.

एके दिवशी संगणकातली जागा भरली. ओळखीच्या एकाने फोनवरून सांगितले, "एवढी ओळ टाइप कर, सगळं मोकळं होते." तिने ती ओळ टाइप केली आणि आठवडाभराचे अर्ज एका क्षणात गेले. कचराकुंडीतही सापडले नाहीत. गिऱ्हाइके दारात उभी होती. पगारातून चार दिवस कापले गेले. रात्री अकोल्याहून भाऊजींचा फोन आला, "जाऊ दे बाई, आपल्यानं होत नाही ते. घरी ये."

अर्ज गेले ते पुन्हा टाइप करता येतात. पण 'आपल्यानं होत नाही' हे वाक्य एकदा घरात शिरले की निघता निघत नाही. पोर रडली नाही. तिने एवढेच विचारले, "मामा, त्या ओळीचा अर्थ कुठं तरी लिहिला असनच ना? त्याचं पुस्तक कुठं भेटते?"

आम्ही पुस्तक शोधायला निघालो. अमरावतीत राजकमल चौकापासून सुरुवात केली, पुढे अकोल्याला गेलो तेव्हा टिळक रोडवरही विचारले. विंडोजची पुस्तके होती. लिनक्सचे मिळाले ते इंग्रजी, जाडजूड आणि आमच्या खिशाला न परवडणारे. शेवटी शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी हसून म्हणाला, "काका, कायले फिरता? पुस्तक त्या यंत्राच्याच पोटात आहे."

त्याचे म्हणणे खरे निघाले. म्हणून हा लेख.

संगणकाला चालवणारी जी मूळ यंत्रणा असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. पूर्वी अशा यंत्रणेबरोबर खोक्यातून छापील पुस्तक येई. आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या हाती नक्कल केलेली फ्लॉपी किंवा सीडी पडे. नकलेबरोबर पुस्तक येत नसे. त्यामुळे पुस्तकातले ज्ञान ज्या कुणाला ठाऊक त्याच्या तोंडी राहिले, आणि आपण त्याला विचारत फिरलो. ती सवय आजही सुटलेली नाही.

लिनक्सची गोष्ट निराळी आहे. त्याचा वंश अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्सपर्यंत जातो. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका लिहिली, तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुढे ही पाने यंत्रातच ठेवण्याची रीत पडली. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा ही रीतही त्याच्याबरोबर आली. आज घरच्या संगणकावर लिनक्स घातले की साधारणपणे ही पानेही आपोआप येतात. ती वाचायला इंटरनेट लागत नाही.

आता ती शोधायची कशी, ते क्रमाने सांगतो.

पहिली जागा म्हणजे खुद्द आज्ञा. टर्मिनलची काळी खिडकी उघडा. जी आज्ञा वापरायची तिचे नाव लिहा, एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा द्या आणि त्यांना जोडून 'हेल्प' हा शब्द लिहा. बहुतेक आज्ञा आपली थोडक्यात माहिती सांगतात. विंडोजवाल्यांनी काळ्या खिडकीत आज्ञेपुढे तिरपी रेघ आणि प्रश्नचिन्ह द्यावे.

दुसरी जागा म्हणजे 'मॅन'. एम-ए-एन ही तीन अक्षरे लिहा, जागा सोडा आणि आज्ञेचे नाव लिहा. मॅन म्हणजे मॅन्युअल, माहितीपुस्तिका. पान उघडते. त्यात एखादा शब्द शोधायचा तर तिरपी रेघ देऊन तो लिहावा. बाहेर पडायला क्यू हे अक्षर दाबावे. ही पाने आठ विभागांत लावलेली असतात. पहिल्यात रोजच्या आज्ञा, पाचव्यात फायलींची रचना, आठव्यात यंत्रणेची व्यवस्था सांभाळण्याच्या आज्ञा. एकच नाव दोन विभागांत असू शकते. अशा वेळी मॅन आणि नाव यांच्यामध्ये विभागाचा आकडा लिहावा.

तिसरी युक्ती आज्ञेचे नावच ठाऊक नसेल तेव्हाची. मॅननंतर जागा सोडून एक आडवी रेघ आणि तिला जोडून के हे अक्षर द्यावे, मग पुन्हा जागा सोडून कामाचा इंग्रजी शब्द लिहावा, जसे 'कॉपी' किंवा 'प्रिंट'. त्या शब्दाशी जुळणाऱ्या पानांची यादी समोर येते.

चौथी जागा फार थोड्यांना माहीत असते. संगणकाच्या मूळ कप्प्यात 'यूएसआर' नावाचा कप्पा आहे, त्यात 'शेअर' आणि त्याच्या आत 'डॉक'. तेथे यंत्रात घातलेल्या एकेका प्रोग्रामचा स्वतंत्र कप्पा असतो. त्यात 'रीडमी' म्हणजे 'मला वाचा' नावाचे कागद आणि कधी कधी नमुनेही सापडतात. डेबियन किंवा उबुंटू असेल तर काही प्रोग्रामांची मोठी पुस्तके वेगळी ठेवलेली असतात. नावाच्या शेवटी 'डॉक' लागलेले ते पॅकेज मागाहून घालावे लागते. डेबियनचे तर अख्खे हँडबुक असे फुकट मिळते.

भाचीने सर्वांत आधी त्याच आज्ञेचे पान उघडले, जिने तिचे अर्ज खाल्ले होते. आर आणि एम अशी दोन अक्षरांची ती आज्ञा. पानात स्पष्ट लिहिले होते की आर जोडले तर कप्प्यासकट आतले सारे पुसले जाते, एफ जोडले तर काही न विचारता पुसले जाते, आणि आय जोडले तर प्रत्येक वेळी आधी विचारले जाते. फोनवरच्या माणसाने आर आणि एफ सांगितले होते. ती म्हणाली, "मामा, हे दोन मिनिटांचं वाचन होतं." आम्ही काही बोललो नाही.

अडचण उरते भाषेची. ही पाने बहुतेक इंग्रजीत आणि फार तुटक असतात. येथे महाराष्ट्रातलेच एक काम मदतीला येते. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प केंद्र शासनाच्या साहाय्याने उभा राहिला. मुक्त प्रोग्राम शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे एकेक चित्रपाठ, आणि लिनक्सचे पाठ मराठी आवाजातही आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय हवे तितक्या वेळा पाहता येतात. पाठ पाहावा, थांबवावा, स्वतः करून पाहावे, पुन्हा पाहावा. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाचे भारतीय लिनक्स काढले, त्यातही मराठीची सोय आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. लिनक्सभोवतीची पुष्कळ माहितीपुस्तके मुक्त परवान्याची असतात. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या संस्थेने २००० साली खास पुस्तकांसाठी असा परवाना आणला. त्याच्या अटी पाळून पुस्तकाची झेरॉक्स काढता येते, वाटता येते, भाषांतरही करता येते. परवाना पुस्तकातच छापलेला असतो, तो आधी पाहून घ्यावा. म्हणजे मराठीत पुस्तक नसेल तर ते आपण करू शकतो, त्यात कोणाची चोरी होत नाही.

भाचीने दोनशे पानी वही केली. एका पानावर एक आज्ञा. वर तिचे नाव, खाली ती काय करते ते आपल्या शब्दांत, आणि तळाशी लाल शाईने धोका काय ते. 'आर-एम'च्या पानावर तिने लिहिले आहे, 'मॅन वाचल्याशिवाय फोनवर ऐकून काही टाइप करायचं नाही.' नोकरी टिकली. पुढे मालकच नवीन मुलाला म्हणू लागला, "आधी तिची वही पाह्य."

दिवाळीच्या सुट्टीत वहीची एक झेरॉक्स अकोल्याला गेली. तेथल्या अभ्यासिकेत एक जुना संगणक धूळ खात पडला होता, त्याच्याशेजारी ती दोऱ्याने बांधून ठेवली आहे. भाऊजींना वाचता येते, पण सावकाश. त्यांनी पाने उलटून पाहिली आणि विचारले, "हे सगळं त्या डबड्यातच होतं काय वं?"

"होतं बाबा. कोणी सांगतलं नव्हतं."

आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत, विहारात, शेजाऱ्याच्या घरी असा एखादा संगणक असेलच. मुलांना त्याच्यासमोर बसवा आणि पहिल्याच दिवशी मॅन ही तीन अक्षरे शिकवा. शेजारी एक वही आणि पेन ठेवायला विसरू नका.