‘तो आमचा माणूस नाही’

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीबाहेर एक तरुण विजेच्या खांबावर चढलेला दिसला. पायात स्लिपर, हातमोजे नाहीत, खालून गाड्या सुसाट. मी विचारलं, “लाइन बंद कोणी केली?” म्हणाला, “ठेकेदाराचा फोन आला साहेब, बंद आहे म्हणून.” कागदावर परवाना नाही, तारांना अर्थिंग नाही. समोरच्या दुकानात जनरेटर धडधडत होता. त्याची वीज उलटी लाइनमध्ये आली असती तर? मी कंपनीच्या कार्यालयात फोन लावला. उत्तर मिळालं, “तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे.”

हे वाक्य कायद्यात टिकत नाही, आणि ते का, एवढंच आज सांगायचं आहे.

1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम 12 बघा. स्वतःच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम कंपनीनं ठेकेदाराकडून करून घेतलं आणि त्यात मजूर जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई कंपनीकडेच मागता येते, जणू तो तिचाच कर्मचारी आहे. नंतर ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही, हा त्या दोघांचा हिशेब. विधवेनं त्यात अडकायचं कारण नाही. तारा ओढणं, केबल टाकणं हा वीज कंपनीचा धंदाच आहे.

एक पळवाट मात्र सांगतात. अपघात कंपनीनं हाती घेतलेल्या कामाच्या किंवा तिच्या ताब्यातल्या जागेवर, निदान तिच्या आसपास, झालेला असावा लागतो. म्हणून वकील म्हणतो, “रस्ता तर नगरपालिकेचा!” पण खांब कंपनीचा, काम कंपनीचं, लाइन बंद-चालू करणारा हात कंपनीचा. म्हणूनच जागेचा फोटो आणि खांबाचा नंबर फार मोलाचा.

दुसरा बचाव ठरलेला: “त्यानं हातमोजे घातले नव्हते.” किरकोळ दुखापतीत, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडल्याचं सिद्ध झालं तर तो चालतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर चालत नाही. आणि मुळात हातमोजे दिलेच नसतील, तर न घातल्याचा दोष कोणाचा? फौजेत काम खालच्याला सोपवता येतं, जबाबदारी नाही. इथे तेच तत्त्व कागदावर आहे, फक्त कोणी वाचत नाही.

रक्कमही लहान नाही. या कायद्यात महिना पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरला जात होता. मृत्यू झाल्यास त्याचा निम्मा, म्हणजे 7,500, गुणिले वयाचा आकडा. तिशीच्या मजुरासाठी तो 207.98. होतात 15,59,850 रुपये. मजुराचा राज्य विमा, म्हणजे ईएसआय असेल, तर मात्र ही भरपाई नाही, तिथून पेन्शन मिळतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे. कंपनीच्या जबाबदारीचं तत्त्व तिनं कायम ठेवलंय.

शेवटची गोष्ट परराज्यात राबणाऱ्यांसाठी. पोरगा सुरतेला गेला आणि घरचे नांदेडला असतील, तर दाव्यासाठी सुरतेच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. अवलंबून असलेली माणसं जिथे राहतात, तिथेही दावा करता येतो. जुन्या कायद्यात त्याला दोन वर्षांची मुदत होती. ठेकेदार ‘घरगुती मिटवू’ म्हणत पन्नास हजारांवर अंगठा मागेल. तो देण्याआधी एफआयआर आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत हातात घ्या.