ट्रकची ताकद वाढवायला पार्ट बसवला अन् पिकअपच गेलं. दोष नेमका कुठे शोधायचा?

भरलेली गाडी घाट लवकर चढावी, ओव्हरटेक करताना दमू नये, यासाठी अनेक ट्रकमालक बाहेरचे पार्ट बसवून घेतात. ट्यूनिंग बॉक्स, ईसीएमचं रिमॅपिंग, कॉटनचा एअर फिल्टर, मोठा इंटरकूलर, मोकळा सायलेन्सर. सुरुवातीला गाडी पळतेही. मग एक दिवस कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर चेक लाइट लागतो, पिकअप जातं आणि मागे वाहनांची रांग लागते.

खरा खर्च इथून पुढे सुरू होतो. आधी सेन्सर बदलला जातो, मग नोझल, मग टर्बो. दुखणं मात्र तसंच राहतं. गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणूनच पार्ट बदलण्याआधी दोष कोणत्या क्रमाने शोधायचा, हे माहीत असणं गरजेचं आहे.

गाडी अचानक मंद का होते?

बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. या इंजिनांत किती डिझेल सोडायचं, टर्बोने किती दाब द्यायचा, हे सेन्सरच्या माहितीवरून ईसीएम ठरवतं. हवा, डिझेल आणि धूर यांचा हिशेब जुळला नाही की इंजिन वाचवण्यासाठी ते ताकद कमी करतं. यालाच लिंप मोड म्हणतात.

म्हणजे चेक लाइट लागला याचा अर्थ सेन्सर खराब झाला, असा होत नाही. बऱ्याचदा सेन्सर खरं बोलत असतो. नव्या पार्टमुळे हिशेब बदललेला असतो.

स्कॅनरही फसतो, तो कसा?

कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. ट्रकच्या टायरमधली हवा साधारण ८ बारच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीएम यांच्या मध्ये बसणारा ट्यूनिंग बॉक्स खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो. दाब कमी आहे असं समजून ईसीएम तो आणखी वाढवतं.

आता स्कॅनर लावला तर तोही ईसीएमला दिसणारा आकडाच दाखवणार. स्क्रीनवर सगळं ठीक आणि रेलमध्ये दाब जास्त, असा प्रकार होतो. त्यामुळे बॉक्स काढून मूळ कनेक्टर जोडल्याशिवाय या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

दोष शोधण्याचा क्रम काय?

१. कोड पुसू नका. लाइट घालवण्यासाठी आधी कोड पुसला जातो. कोड पडला तेव्हा आरपीएम, लोड, तापमान किती होतं याची नोंदही त्यासोबत जाते. आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा.

२. शेवटचा बदल आधी काढा. मूळ पार्ट परत बसवा. रिमॅपिंग असेल तर ज्याने केलं त्याच्याकडून मूळ फाइल परत टाकून घ्या. दोष गेला तर कारण नवा पार्ट किंवा त्याची फिटिंग. दोष राहिला तर फिटिंग करताना वायर, होज किंवा अर्थिंग हललं का, ते पाहा.

३. हवा तपासा. एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक क्लॅम्प हाताने पाहा. लोडवर शिट्टीसारखा आवाज येणं, सांध्याजवळ ऑइलचा ओला डाग दिसणं, ही गळतीची खूण. इंजिन बंद ठेवून पाइपमध्ये कमी दाबाची हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. बुडबुडे गळती दाखवतात. काम करताना पाइपमध्ये कापडाचा बोळा तर राहिला नाही ना, हेही पाहा.

कॉटन फिल्टरला ऑइल जास्त लागलं तर त्याचा थर एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतो आणि हवेचं माप चुकतं. असा सेन्सर त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ करावा. कापड किंवा हवेची गन वापरू नये.

४. मग डिझेल. ताकद वाढवली की डिझेलही जास्त लागतं. अर्धवट तुंबलेला डिझेल फिल्टर आधी कसाबसा चालत होता, तो आता कमी पडतो. पंप किंवा नोझलवर जाण्याआधी फिल्टर बदला.

५. शेवटी सायलेन्सर. डीपीएफला जोडलेले दाब मोजणारे बारीक पाइप उलटे बसले, फाटले किंवा तुंबले तर चांगला फिल्टरही जाम दिसतो. सेन्सरच्या आधी गळती असेल तरी आकडे चुकतात.

एका वेळी एकच बदल करा आणि चाचणी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालासह घ्या. तीन पार्ट एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

कोणत्या कोडला आधी काय पाहायचं?

- पी ०२९९: टर्बोचा दाब कमी. आधी होज, क्लॅम्प, इंटरकूलर. टर्बो नंतर.
- पी ०२३४: टर्बोचा दाब जास्त. रिमॅपिंग किंवा टर्बोचा ॲक्च्युएटर.
- पी ०१०१: हवेच्या मापात गडबड. फिल्टर आणि एअर फ्लो सेन्सर.
- पी ००८७: रेल प्रेशर कमी. आधी डिझेल फिल्टर.
- पी ००८८: रेल प्रेशर जास्त. ट्यूनिंग बॉक्स, वायरिंग.
- पी २४६३: डीपीएफमध्ये काजळी साचली. डिझेल जास्त जातंय का, ते पाहा.

मोठ्या ट्रकच्या स्कॅनरवर याऐवजी एसपीएन क्रमांक येऊ शकतात. त्यात १०२ म्हणजे टर्बोचा दाब, १५७ म्हणजे रेल प्रेशर आणि ३२५१ म्हणजे डीपीएफमधल्या दाबाचा फरक.

धूर आणि ऑइल काय सांगतं?

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर राहत असेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. मात्र बीएस-६ गाडीत काजळी डीपीएफ अडवतं. त्यामुळे धूर दिसत नाही, म्हणजे सगळं ठीक, असं समजू नये.

साचलेली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिनं जास्तीचं डिझेल सोडतात. हे वारंवार होऊ लागलं की त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर गाडी चालवू नका. पातळ ऑइल बेअरिंग खातं.

आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, अशी तक्रार असेल तर दोष इंजिनात नसून क्लच प्लेट घसरत असण्याची शक्यता असते. वाढलेली ताकद तिला पेलत नाही.

ही जुनी सवय जिवावर बेतू शकते

जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर मिस होतोय हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर नोझलच्या पाइपचा नट ढिला केला जायचा. कॉमन रेलमध्ये असं कधीही करू नये. इतक्या दाबाने निघालेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावं लागतं. गळती शोधताना पाइपवर हातही फिरवू नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२ अ (४) नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९० (२) नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

त्यामुळे डीपीएफ पोकळ करणं किंवा युरियाची यंत्रणा बंद करणारा बॉक्स लावणं, हा चेक लाइटवरचा उपाय नाही. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यातही अशा बदलांवर बोट ठेवलं जाऊ शकतं.

पार्ट बसवण्याआधी हे करा

मूळ पार्ट भंगारात देऊ नका, जपून ठेवा. बसवण्याआधी गाडी एकदा स्कॅन करून रिपोर्ट जवळ ठेवा, म्हणजे जुना दोष कोणता आणि नवा कोणता ते कळेल. काय, कधी आणि किती किलोमीटरला बसवलं ते वहीत लिहा आणि चालकालाही सांगा. चढावर गाडी बंद पडते तेव्हा स्टिअरिंगवर तोच असतो.