घरगुती कार्यशाळेतील अपूर्ण कामांचा प्रश्न

जुन्या मोटारसायकली दुरुस्त करण्याचा छंद असलेल्या एखाद्या गृहस्थाच्या कार्यशाळेत डोकावले, तर तेथे एकच यंत्र आढळणे विरळा. एका गाडीचे एंजिन उघडून बाकावर मांडलेले असते, दुसरीची चौकट रंगाची वाट पाहत भिंतीशी टेकलेली असते, तिसरी विकत घेतली त्या दिवसापासून ताडपत्रीखाली झाकलेली असते. आणि या सर्वांच्या जोडीला लेथच्या पट्ट्याची दुरुस्ती, नव्या फळ्यांचे कपाट, घरातील बिघडलेला पंप अशी किरकोळ कामे चालू असतात. घरच्या मंडळींना हा केवळ पसारा वाटतो. स्वतः कारागिराला मात्र ही सर्व कामे ‘चालू’ असल्याचा प्रामाणिक विश्वास असतो. या दोन मतांपैकी कोणते खरे, याचे उत्तर कामांच्या संख्येवरून देता येत नाही. ते प्रत्येक काम कोणत्या अवस्थेत थांबले आहे यावरून द्यावे लागते. प्रस्तुत विवेचनाचा रोख याच मुद्द्यावर आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, अनेक कामे एकाच वेळी हाती घेण्यास सबळ कारण असते. यंत्रदुरुस्तीत प्रत्यक्ष श्रमापेक्षा प्रतीक्षेचा काळ पुष्कळदा मोठा असतो. रंगाचा पहिला थर वाळावा लागतो; सिलिंडर आतून वाढवून घेण्यासाठी बाहेर द्यावा लागतो; बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीचा एखादा सुटा भाग मिळेपर्यंत महिने जातात. या काळात हात रिकामे ठेवण्यापेक्षा दुसरे काम करणे शहाणपणाचेच होय. समजा, एका कामाच्या एकंदर कालावधीपैकी एकतृतीयांश काळच कारागिराच्या हातचा आहे आणि उरलेला प्रतीक्षेचा आहे. तर स्थूलमानाने तीन कामे त्यास पूर्णवेळ गुंतवून ठेवतील. चौथे काम आले की त्याने श्रमाची भर पडत नाही, फक्त रांग वाढते. व्हाइस एक, बाक एक, आणि संध्याकाळचे दोन तास तेच.

रांग वाढली म्हणजे नेमके काय होते, हे जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या एका साध्या नियमावरून कळते. व्यवस्था स्थिर असेल, तर व्यवस्थेत असलेल्या कामांची सरासरी संख्या ही कामे येण्याचा दर आणि प्रत्येक काम आत राहण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. एखादा गृहस्थ वर्षाकाठी दोन गाड्या पुऱ्या करीत असेल, तितक्याच नव्या आणीत असेल आणि त्याच्याकडे सहा गाड्या पडून असतील, तर प्रत्येक गाडी सरासरीने तीन वर्षे त्याच्या छपराखाली राहणार. त्याची हुशारी, हत्यारे वा उत्साह यांचा या हिशेबात स्वतंत्र उल्लेख नाही. ती सर्व ‘वर्षाला दोन’ या आकड्यात आधीच आलेली आहेत. आणि येणाऱ्या गाड्या जर पुऱ्या होणाऱ्या गाड्यांहून अधिक असतील, तर व्यवस्था स्थिरच राहत नाही व प्रतीक्षेस मर्यादा उरत नाही. छंदाच्या बाबतीत ही दुसरी स्थिती अधिक आढळते. कारण जुनी गाडी स्वस्तात मिळण्याचा योग एका दुपारी येतो, आणि ती पुरी करण्यास मात्र कित्येक रविवार लागतात.

परंतु या नियमाला सर्व कामे सारखीच असतात. तीन वर्षे झाकून ठेवलेली सबंध गाडी आणि तीन वर्षे उघडून पडलेले एंजिन यांत तो भेद करीत नाही. खरा तोटा या भेदातच आहे. त्याचा विचार करण्यास न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळील इन्व्हरकार्गिल या गावचे बर्ट मन्रो यांचे उदाहरण उपयोगी पडते.

मन्रो (1899–1978) यांनी 1920 साली एक नवी ‘इंडियन स्काउट’ मोटारसायकल घेतली. (नावावरून भारताशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण ‘इंडियन’ ही अमेरिकेतील स्प्रिंगफील्डची कंपनी, रोख अमेरिकेच्या आदिवासींकडे आहे.) गाडी 600 घन सेंटिमीटरची, वेग ताशी सुमारे 55 मैल. 1926 पासून त्यांनी तिच्यात फेरफार करण्यास आरंभ केला आणि ते काम पुढे सुमारे पन्नास वर्षे चालले. शिवाय 1936 सालची एक ‘व्हेलोसेट’ गाडी त्यांच्याकडे होती. तिच्यावरही असेच प्रयोग चालत. दिवसा मोटारसायकलींची विक्री आणि रात्री कार्यशाळा, असा त्यांचा क्रम होता. 1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीस नोकरी सोडून त्यांनी सर्व वेळ या दोन यंत्रांस दिला. पिस्टन ते जुन्या डब्यांत ओतून तयार करीत, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून घडवीत, आणि मोजमापास जुनी स्पोकही वापरीत. फुटलेले भाग फेकून न देता एका फळीवर मांडून ठेवीत. त्या फळीवर ‘वेगदेवतेस अर्पण’ अशा अर्थाचे शब्द होते. 1967 साली वयाच्या 68 व्या वर्षी अमेरिकेतील बॉनव्हिलच्या क्षारभूमीवर त्यांनी याच जुन्या ‘स्काउट’वर, एंजिन 950 घन सेंटिमीटरपर्यंत वाढवून, ताशी 183.59 मैलांचा उच्चांक केला. मूळ गणितात चूक असल्याचे पुढे आढळून आल्यामुळे 2014 साली हा आकडा 184.087 असा सुधारण्यात आला. 2005 सालच्या एका चित्रपटामुळे मन्रो यांचे नाव जगभर झाले. मात्र चित्रपटात शर्यतीस जितके स्थान आहे तितके फळीस नाही, आणि अभ्यासकास फळी अधिक महत्त्वाची.

कारण मन्रो यांचे कोणतेही काम कधीच ‘पुरे’ झाले नाही. तरीही त्यांच्या कार्यशाळेस पसारा म्हणता येत नाही. एंजिन उघडले जाई, फुटलेला भाग नव्याने घडविला जाई आणि गाडी पुन्हा धावण्याच्या स्थितीत येई. मगच पुढला फेरफार. काम अपूर्ण राहिले ते धावणाऱ्या यंत्राच्या रूपाने. दर वेळी शर्यतीची तारीख हा बाहेरचा धाक होता, हेही खरे. घरगुती छंदास असा धाक सहसा नसतो.

या फरकाचे तात्त्विक रूप हर्बर्ट सायमन यांनी 1962 साली एका दृष्टान्तातून मांडले. दोन घड्याळजी आहेत. दोघांची घड्याळे प्रत्येकी 1,000 भागांची. एकजण सर्व भाग सलग जोडत जातो. मध्येच काम सोडावे लागले की अर्धवट घड्याळ विस्कटते आणि पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. दुसरा प्रथम दहा-दहा भागांचे स्थिर गट बनवितो, मग त्या गटांचे मोठे गट. व्यत्यय आला तर त्याचा फक्त हातातला गट मोडतो. एक भाग बसविताना व्यत्यय येण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर पहिल्याचे घड्याळ अखंडपणे पुरे होण्याचे योग दहा लाखांत सुमारे 43 येतात. सायमन यांनी दोघांच्या वेळांतील फरक सुमारे चार हजार पट दिला आहे. प्रत्येक व्यत्ययानंतर नव्याने आरंभ होतो असे सरळ समीकरण मांडले, तर पहिल्यास एका घड्याळासाठी सरासरी 23 लाख वेळा भाग बसवावे लागतात आणि दुसऱ्यास सुमारे 1,170 वेळा; म्हणजे फरक दोन हजार पटींच्या आसपास येतो. आकडा कोणताही घेतला तरी निष्कर्ष बदलत नाही. व्यत्यय दोघांनाही सारखेच येतात. फरक पडतो तो काम कोठे थांबले यामुळे.

हा दृष्टान्त मोटारसायकलीस लावताना एक दुरुस्ती करणे अवश्य आहे. सोडून ठेवलेले एंजिन घड्याळाप्रमाणे आपोआप विस्कटत नाही. त्याचे भाग जेथल्या तेथे राहतात. विस्कटते ती त्यांची क्रमवारी, आणि ती वस्तूंत नसून कारागिराच्या स्मृतीत असते. गिअरपेटी उघडताना कोणती पातळ चकती कोणत्या दात्यामागे होती, दोन सारख्या दिसणाऱ्या बोल्टांपैकी लांब कोणता, कोणता नट मुळातच सैल होता, हे सर्व त्या संध्याकाळी स्वयंसिद्ध वाटते. म्हणूनच ते लिहून ठेवले जात नाही. तीन महिन्यांनी त्याच डब्यातील त्याच चकत्या मुक्या होतात. इकडे यंत्रही स्वस्थ बसत नाही: उघड्या सिलिंडरच्या आतील पृष्ठावर गंज धरतो, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल आटून बारीक छिद्रांत चिकटा बसतो, रबरी भाग कडक होतात. सुटे झालेले यंत्र हा नाशवंत माल आहे. सबंध यंत्र त्या मानाने टिकाऊ. तेव्हा सहा गाड्या असणे हा दोष नव्हे, सहाही एकाच वेळी उघडलेल्या असणे हा दोष.

आता मनाच्या बाजूकडे पाहू जाता, येथे एक प्रसिद्ध मत आड येते. बर्लिन येथे कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 साली असे दाखविले की, मध्येच थांबविलेली कामे पुऱ्या केलेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात आठवतात. यावरून अपुरी कामे विसरली जात नाहीत असा समज रूढ झाला, आणि कित्येक कारागीर त्याच्याच आधारे वहीकडे दुर्लक्ष करतात. हा आधार डळमळीत आहे. पुढील प्रयोगांत हा परिणाम एकसारखा आढळला नाही, आणि 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात स्मृतीच्या बाबतीत अपुऱ्या कामांचे सार्वत्रिक आधिक्य दिसून आले नाही. त्याच संप्रदायातील मारिया ओव्हस्यांकिना यांनी 1928 साली नोंदविलेली गोष्ट मात्र टिकून राहिली: थांबविलेले काम संधी मिळताच पुन्हा हाती घेण्याकडे माणसाचा कल असतो. दोहोंचा मेळ घातला, तर कार्यशाळेतील नेहमीचे दृश्य उलगडते. परतण्याची ओढ शिल्लक असते, परतण्यास लागणारे ज्ञान शिल्लक असतेच असे नाही. मग कारागीर अर्ध्या उघडलेल्या एंजिनाकडे येतो, पंधरा मिनिटे डबे हलवितो आणि उठून ज्या गाडीचे अद्याप काहीच बिघडविलेले नाही अशा नव्या गाडीकडे वळतो. नव्या कामाचे आकर्षण म्हणून ज्याची थट्टा होते, ते पुष्कळदा जुन्या कामातील या अडथळ्याचे दुसरे नाव असते.

मॅसिकॅम्पो व बाउमाइस्टर यांच्या 2011 सालच्या प्रयोगांनी यास एक उपयुक्त पुस्ती जोडली आहे. अपुऱ्या उद्दिष्टाचे विचार दुसऱ्या कामात व्यत्यय आणतात. पण ते उद्दिष्ट कसे पुरे करावयाचे याची निश्चित योजना केली, की काम न होताही हा व्यत्यय ओसरतो. ज्यास एका गाडीवरून दुसरीवर जावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. हत्यार खाली ठेवण्यापूर्वी गाडीस एक चिठ्ठी बांधावी; तीत ‘एंजिन पाहणे’ असे न लिहिता ‘डावीकडील झाकणाचे चार बोल्ट निळ्या डब्यात; पुढे गॅस्केट कापणे’ असे लिहावे. रॉबर्ट पिर्सिग यांनी 1974 सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात भाग काढताना वहीत क्रम टिपण्याचा आणि ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडण्याचा उपाय सुचविला आहे. तत्त्वज्ञानासाठी वाचल्या जाणाऱ्या त्या ग्रंथातील हा भाग वाचक घाईने ओलांडतात. वस्तुतः त्यातील सर्वांत ठोस ज्ञान तेथेच आहे. अर्थात वर्तमानपत्राचा उपाय एका गाडीपुरता. तीन गाड्यांचे भाग मांडण्याइतकी जमीन फार थोड्यांच्या घरी असते, आणि जमीन संपली की भाग एकाच खोक्यात जातात.

खोक्यात गेलेल्या यंत्राचे भवितव्य त्याच्या मालकाच्या आयुष्यापलीकडे क्वचितच जाते. वारसांस ते लोखंड दिसते व ते वजनावर जाते. एखादा जाणता ग्राहक आलाच, तर त्यासही कोणता भाग कोणत्या गाडीचा हे सांगणारा कोणी उरलेला नसतो. मन्रो यांना हे कळले होते असे मानण्यास जागा आहे. 1977 साली पक्षाघातामुळे हाताचे कसब उणावले, तेव्हा आपली यंत्रे त्याच प्रदेशात राहावीत या इच्छेने त्यांनी ‘स्काउट’ व ‘व्हेलोसेट’ या दोन्ही गाड्या इन्व्हरकार्गिलमधीलच हेज यांच्या दुकानास विकल्या. पुढल्या वर्षी 6 जानेवारीस त्यांचे निधन झाले.