मुद्दाम मांडलेला पसारा

चकचकीत, ऐसपैस दुकान पाहिलं की आपल्याकडचं गिऱ्हाईक दारातच बिचकतं: ‘महाग असणार!’ उद्योजक किशोर बियाणींनी हे नेमकं हेरलं. २००१ साली सुरू केलेल्या आपल्या बिग बझार दुकानांमध्ये त्यांनी मुद्दाम बाजाराची दाटी अन् गोंगाट राखला. हात घालून दाणा पारखता यावा म्हणून धान्य उघडं ठेवलं. २६ जानेवारी २००६ला ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर झाला आणि अशी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. (एकाच दिवसाची सवलत म्हटल्यावर घरचा डबा भरलेला असला तरी डाळ घेतलीच जाते.) डीमार्टचा खाक्या निराळा: सजावटीला फाटा, भाव रोजच छापील किमतीखाली. ‘फक्त साखर घ्यायला आलो’ म्हणणाऱ्यांच्या ट्रॉल्या तिथे बिलाच्या रांगेत बघाव्यात.