'वेण' आणि 'वेएन' : परभाषेतील प्रसूतीचा भाषिक विचार

प्रसूती ही शारीरिक घटना होय; भाषेशी तिचा संबंध असलाच तर तो दूरचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्त्री स्वभाषेच्या प्रदेशात बाळंत होत असते तोवर या समजुतीची उणीव जाणवत नाही, कारण तिचे शब्द आणि तिच्याभोवतीच्या माणसांचे शब्द एकच असतात. परंतु तीच स्त्री परदेशी असेल, आणि सुईण, डॉक्टर व परिचारिका यांची भाषा निराळी असेल, तर वेदनेचे वर्णन, लक्षणांचे निवेदन आणि सूचनांचे आकलन ही तिन्ही कामे भाषांतरावर अवलंबून राहतात. हे भाषांतर घाईचे असते, ते बहुधा अशिक्षित दुभाष्याकडून होते, आणि त्यातील चुकीचे मोल कधी कधी फार मोठे असते.

प्रस्तुत विवेचनासाठी जर्मनीत राहणाऱ्या मराठी स्त्रीचे उदाहरण घेतले आहे. शिक्षण व नोकरी यांच्या निमित्ताने गेल्या काही दशकांत अनेक मराठी कुटुंबे त्या देशात गेली. त्यांतील स्त्रियांना व्यवहारापुरती जर्मन बहुधा येते. पण प्रसूतिगृहातील जर्मन ही व्यवहारातील जर्मनहून वेगळी आहे.

एक फसवे साम्य

मराठीत प्रसूतीच्या वेदनेला 'वेण' (अनेकवचन 'वेणा') असा जुना शब्द आहे. जर्मन भाषेत याच वेदनेला 'वेए' आणि अनेकवचनी 'वेएन' म्हणतात. उच्चारातील व अर्थातील हे साम्य इतके विलक्षण आहे की, दोन्ही भाषा एकाच भारोपीय कुळातील असल्याने हे शब्दही सगोत्र असले पाहिजेत, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु तो ग्रह चुकीचा आहे. मराठी 'वेण' हा संस्कृत 'वेदना' या शब्दापासून आला असून त्याच्या मुळाशी 'विद्' म्हणजे जाणणे हा धातू आहे. जर्मन 'वेए'चे मूळ मात्र दुःखोद्गारात आहे. इंग्रजीतील 'वो' आणि लॅटिनमधील 'वाए' हे त्याचे आप्त. संस्कृत 'विद्'चा जर्मनमधील खरा आप्त 'विसेन' हा आहे, आणि त्याचा अर्थ 'जाणणे' असा होतो. म्हणजे जे शब्द एकसारखे ऐकू येतात ते परस्परांचे कोणी नव्हेत, आणि जे खरोखर सगोत्र आहेत ते ऐकून ओळखू येत नाहीत. तौलनिक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा धडा नवा नाही. परंतु प्रसूतीच्या संदर्भात त्याला अधिक व्यापक अर्थ आहे : येथे ओळखीचा वाटणारा शब्दच पुष्कळदा चकवतो.

नामकरणामागील कल्पना

दोन भाषांनी या घटनेकडे कसे पाहिले, हे शब्दांवरून दिसते. जर्मन भाषेत प्रसूतीला 'एंटबिंडुंग' असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ 'बंध सोडणे'. अमुक स्त्री मुलापासून 'सोडवली गेली' अशी कर्मणी रचना तेथे रूढ आहे. मराठीतही 'बाई मोकळी झाली', 'सुटका झाली', 'हातीपायी सुटली' असेच म्हणतात, आणि प्रसूती लांबली तर ती 'अडली' म्हणतात. या ठिकाणी दोन्ही भाषांची कल्पना एकच आहे.

प्रसूतिकक्षाचे जर्मन नाव 'क्राइससाल'. यातील पूर्वपद मध्ययुगीन जर्मनमधील ओरडणे, कण्हणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे. हे क्रियापद रोजच्या वापरातून लोपल्यामुळे खुद्द जर्मन भाषकही त्याचा संबंध 'क्राइस' म्हणजे वर्तुळ या शब्दाशी जोडतात आणि तसे लेखनही करतात. लोकव्युत्पत्तीचे हे चांगले उदाहरण होय.

सुईणीला 'हेबामं' म्हणतात. प्राचीन जर्मनमध्ये या शब्दाचे दोन घटक होते : उचलणे आणि आजी. नवजात अर्भकाला उचलून घेणारी आजी, असा त्याचा मूळ भाव. आज ही सुईण विद्यापीठीय शिक्षण घेतलेली असते, आणि कायद्याने तिचे स्थान इतके भक्कम आहे की प्रत्येक प्रसूतीला ती उपस्थित असेल अशी व्यवस्था डॉक्टरला करावी लागते. सर्वसाधारण प्रसूती डॉक्टरवाचून ती स्वतः करू शकते. भारतात शहरी रुग्णालयातील प्रसूती डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते. त्यामुळे 'डॉक्टर केव्हा येणार?' हा मराठी कुटुंबाचा प्रश्न तेथे अविश्वासाचा वाटण्याचा संभव असतो.

'येणे' आणि 'देणे'

मराठीत 'कळ' या एकाच नामाला दोन क्रियापदे लागतात आणि अर्थ पूर्णपणे बदलतो. 'कळ येते' म्हणजे गर्भाशयाचे आकुंचन होते. ती स्त्रीच्या इच्छेवाचून घडणारी क्रिया आहे. 'कळ देणे' म्हणजे स्त्रीने स्वतः जोर करणे. ती तिच्या इच्छेने होणारी क्रिया आहे. संस्कृत वैद्यकात या दोहोंना वेगळे शब्द होते : आपोआप येणारी वेदना ती 'आवी', आणि जोर करणे ते 'प्रवाहण'. आवी आलेली नसता जोर करणे व्यर्थ होय, असा उपदेश चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. मराठीने हा भेद नामात न ठेवता क्रियापदात ठेवला. जर्मनमध्ये तो पुन्हा दोन शब्दांत विभागलेला आहे : येते ती 'वेए', आणि जोर करणे म्हणजे 'प्रेसेन'.

भाषांतराचा घोटाळा नेमका येथे होतो. 'आता मला कळ देववत नाही' असे स्त्री म्हणाली, आणि दुभाष्याने 'कळ' या नामालाच धरून 'हिला वेएन नाहीत' असे सांगितले, तर थकव्याची तक्रार आकुंचन थांबल्याची वार्ता बनते. पहिल्या अवस्थेत धीर व विश्रांती पुरेशी असते. दुसरीत औषधाचा विचार सुरू होतो.

सूचनांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जर्मन सुईण आज्ञार्थाऐवजी पुष्कळदा नुसते क्रियापदाचे मूळ रूप वापरते : 'प्रेसेन!', 'आटमेन!' (श्वास घेणे), 'निष्ट प्रेसेन!' (जोर न करणे). बाळाचे डोके बाहेर येत असता, अंग फाटू नये म्हणून ती 'हेशेल्न' म्हणते. म्हणजे जोर थांबवून धापा टाकल्यासारखा उथळ श्वास घ्यावा. वर्गात शिकवलेल्या जर्मनमध्ये हे क्रियापद बहुधा कुत्र्याच्या संदर्भात भेटलेले असते. मराठी आज्ञार्थात पुरुष आणि आदर या दोहोंचा निर्देश असतो. 'दे गं बाई, अजून एक कळ दे' या वाक्यात आज्ञेइतकीच माया आहे. जर्मन मूळ रूपात यांपैकी काहीच नाही. ते रूप रूढ आहे, रुक्ष नाही, हे ज्या स्त्रीला ठाऊक नसते तिला आपल्यावर कोणी खेकसत आहे असे वाटते.

आडपडद्याचे शब्द

प्रसूतीसंबंधीची मराठी परिभाषा संकोचाने घडलेली आहे. 'दिवस गेले', 'पाळी चुकली', 'अंगावरून जाते' हे प्रयोग पाहावेत. 'अंगावरून जाते' याचा अर्थ रक्त, पांढरा स्राव किंवा गर्भजल यांपैकी काहीही असू शकतो. मराठी सुईण लगेच 'लाल की पांढरे?' असे विचारते, कारण शब्दाची संदिग्धता तिला ठाऊक आहे. जर्मन भाषेत या तिन्हींना स्वतंत्र शब्द आहेत, आणि ऐकणारा त्यांपैकी एकाची अपेक्षा करतो. पाणमोट फुटली असेल तर पाण्याचा रंगही महत्त्वाचा. हिरवट पाणी म्हणजे बाळाने पोटातच शी केल्याची खूण, आणि ती तात्काळ कळवावी लागते.

सर्वांत धोक्याचे उदाहरण 'फिरणे' या क्रियापदाचे आहे. 'बाळ फिरत नाही' असे मराठी गर्भवती म्हणते तेव्हा पोटातील हालचाल जाणवेनाशी झाली, असा तिचा अर्थ असतो. ही तक्रार तातडीची असून तिच्यासाठी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. पण हेच वाक्य शब्दशः जर्मनमध्ये नेले तर 'बाळ वळत नाही' असे होते, आणि ऐकणारा ते पायाळू बाळाविषयीचे विधान समजतो. पायाळू बाळाच्या बाबतीत पुढील भेटीपर्यंत थांबता येते; हालचाल थांबलेल्या बाळाच्या बाबतीत थांबता येत नाही. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असे भाषांतर आशयदृष्ट्या किती घातक ठरू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

कालगणनेतही असाच भेद आहे. मराठीत महिना 'लागतो' : 'नववा लागला' म्हणजे आठ पुरे झाले, सुमारे ३५ आठवडे. जर्मन रुग्णालयात पूर्ण झालेले आठवडे व वरचे दिवस मोजतात. ३७ आठवडे पुरे होण्याआधीची प्रसूती अकाली समजली जाते, म्हणून 'नववा चालू आहे' एवढ्याने वैद्याचे समाधान होत नाही. या बाबतीत लेखी आधार उपयोगी पडतो. जर्मनीत १९६१ सालापासून गर्भवतीला 'मुटरपास' नावाची छोटी पुस्तिका देतात. तपासण्या, रक्तगट, अपेक्षित तारीख हे सर्व तीत नोंदलेले असते. ती पुस्तिका जवळ बाळगणाऱ्या स्त्रीचा निम्मा इतिहास न बोलता समजतो. मात्र या क्षणी काय होत आहे, हे कोणतीही पुस्तिका सांगू शकत नाही.

दुभाषी कोण?

हे काम सामान्यतः नवऱ्याकडे येते. तो जर्मन बोलतो, पण त्याची जर्मन कचेरीतील असते. शिवाय बायकोच्या शरीराविषयीचे मराठी शब्द त्याने पूर्वी कधी ऐकलेलेच नसतात. पाणमोट, वार, कळ देणे हे शब्द बायकांच्या बोलीतून आईकडून मुलीकडे जातात. शहरी शिक्षित मुलगी स्वतः 'पेन्स सुरू झाले' असे म्हणते. तिला पाणमोट हा शब्द परका असतो. तो येतो तो बाळंतपणासाठी आलेल्या तिच्या आईला, आणि तिला जर्मन येत नाही. अशा रीतीने आई, मुलगी, जावई आणि सुईण अशी चौपदरी साखळी तयार होते, व तिच्या प्रत्येक दुव्यात काही ना काही गळते.

जर्मनीत २०१३ साली अमलात आलेल्या रुग्णहक्क कायद्याने, उपचारापूर्वीचे स्पष्टीकरण रुग्णाला समजेल असे असले पाहिजे, हे बंधन डॉक्टरवर घातले. ब्रिटनमध्ये २००६ ते २००८ या काळातील मातामृत्यूंची चौकशी करणारा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी न येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला व्यावसायिक दुभाषी मिळावा, आणि नातेवाईक किंवा त्याच समाजातील परिचित यांच्यावर हे काम सोपवू नये, अशी शिफारस त्यात होती. या शिफारशीमागील कारण केवळ शब्दज्ञानाचे नाही. नातेवाईक दुभाषी ऐकलेले सगळे सांगत नाही. भीतीने, संकोचाने वा प्रेमाने तो काही वगळतो, काही सौम्य करतो. स्त्रीदेखील त्याच्यासमोर सर्व काही बोलत नाही.

सव्वा महिना

प्रसूतीनंतरच्या काळात भाषांमधील अंतर कमी होते. मराठीत 'बाळंतीण' ही बाळावरून ओळखली जाते. जर्मनमध्ये तिचे नाव आठवड्यांवरून पडले आहे, आणि जुन्या भाषेत तर तिला सहा आठवड्यांची बाई अशा अर्थाचा शब्द होता. आपला सव्वा महिना आणि तो सहा आठवड्यांचा काळ यांत फारसा फरक नाही. आज तेथे नोकरदार आईला प्रसूतीनंतर ८ आठवड्यांची सक्तीची विश्रांती आहे, आणि पहिल्या १० दिवसांत सुईण रोज घरी येऊ शकते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा तिला अपरिचित असतात. पण बडीशेपेच्या जातीचा काढा अंगावर पिणाऱ्या आईला तीही देते, हे पाहून मराठी आजीचे मन निवते. बारशाचीही अडचण होत नाही : जन्माची नोंद आठवड्यात करावी लागत असली तरी नाव कळवण्यास महिन्याची मुदत असते, त्यामुळे बाराव्या दिवशी ठेवलेले नाव वेळेत पोचते.

उपसंहार

वरील विवेचनावरून संशोधनाची एक दिशा स्पष्ट होते. प्रसूतीविषयीचे मराठी वैद्यकीय कोश 'प्रसववेदना', 'गर्भाशयमुख', 'अपरा' असे संस्कृत शब्द देतात. ते ग्रंथात योग्य आहेत. पण कळा देणारी स्त्री ते उच्चारत नाही. गरज आहे ती बोलीतील शब्दांच्या संग्रहाची, आणि त्यात वऱ्हाडी, कोल्हापुरी, मालवणी अशा बोलींतील भेदही नोंदले पाहिजेत. प्रत्येक शब्दापुढे पर्यायी परकीय शब्द देऊन भागणार नाही. तो शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतो, कोणत्या अर्थाने संदिग्ध आहे, आणि ती संदिग्धता दूर करण्यासाठी कोणता प्रश्न विचारावा, एवढे त्यात असले पाहिजे. 'फिरणे' या नोंदीखाली 'हलत नाही की वळत नाही?' हा प्रश्न छापलेला असेल, तर तो कोश सुईणीच्या टेबलावर ठेवण्याजोगा होईल. हे शब्द जाणणाऱ्या वृद्ध सुईणी व आज्या आज हयात आहेत तोवर हे काम झाले पाहिजे; त्यांच्यानंतर ते केवळ ग्रंथांवरून करता येणार नाही.